चौऱ्याहत्तर नंबरची खुर्ची

आमच्या ग्रीसाख गावातल्या, डोंगरावर तारेवरून चढणाऱ्या जुन्या लिफ्टला एकशे अठरा खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्ची एकाच माणसापुरती होती. आता नव्या डब्यातून आठ-आठ जण हसत-खिदळत वर जातात, तसं तेव्हा नव्हतं. खालच्या फलाटावर लिफ्ट चालवणारी बुर्गल तुमच्या मांडीवर लाल पट्ट्याचं करडं कांबळं टाकायची, पुढचा दांडा आडवा लावायची आणि मग सोळा मिनिटं तुम्ही एकटे. पायांतल्या स्की लोंबकळताहेत, खाली झाडांचे शेंडे, खांब आला की चाकांचा खडखडाट. मग पुन्हा शांत. धुकं असलं तर पुढच्या खुर्चीतला माणूसही दिसायचा नाही. समोरून खाली जाणाऱ्या खुर्च्या एकेक करून अचानक धुक्यातून निघायच्या आणि तुमच्या खांद्याजवळून जायच्या. त्यात कुणी बसलेलं असेल तर 'देव भेटो' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. ओळख असो वा नसो.

या सोळा मिनिटांच्या वरच्या टोकाला, काल्टेनेकच्या फलाटावर, कासियान रिफेसर तेहेतीस हिवाळे उभा होता.

मी लिफ्टच्या कचेरीतला माणूस. बोत्सेनच्या व्यापारी शाळेतून शिकून आलो तेव्हा आधी तिकिटाची खिडकी मिळाली, पुढे सगळं दफ्तर. येत्या ऑक्टोबरात निवृत्त होतोय. कपाट आवरताना लिफ्टच्या जुन्या नोंदवह्या हाताला लागल्या. त्यांतल्या दोनच पानांवर कासियानचा उल्लेख आहे, एक १९६८ मधलं, एक १९९० मधलं. दोन्ही ठिकाणी मिळून पाच ओळी. त्या पाच ओळी खोट्या नाहीत, पण त्यांत काहीच नाही. म्हणून उरलेलं इथे लिहितो.

कासियान आमच्या खोऱ्यातला नव्हता. खिंडीपलीकडच्या लादिन बोलणाऱ्या लोकांतला. बाप लाकडी घोडे कोरायचा, आई रंगवायची. तो सांगायचा, "दहा वर्षांचा होईतो मी हजारो घोड्यांचे डोळे रंगवलेत. त्यामुळे माणसाकडे बघितलं की आधी वाटतं, याचा डावा डोळा जरा वर चढलाय." आमच्याकडे तो स्की शिकवायला आला. दुसऱ्याच हिवाळ्यात एका जाड्या पाहुण्यानं वरून येऊन त्याच्या गुडघ्यावर धडक मारली. गुडघा नीट बसला नाही. मग त्याला लिफ्टचा वरचा माणूस केला. हंगामभर तो वरच राही, फलाटामागच्या खोलीत. चूल, खाट, रेडिओ, आणि खिडकीत त्याच्या ताटातल्या डुकराच्या चामडीच्या तुकड्यांची वाट बघणारे काळे डोंगरकावळे.

वरच्या माणसाचं काम दिसायला सोपं. खुर्ची आली की दांडा उचलायचा, कांबळं काढून घ्यायचं, माणसाला हात देऊन बाजूला करायचं. कांबळ्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून खाली जाणाऱ्या खुर्च्यांवर परत पाठवायचे. पण दिवस संपताना त्याच्याकडे एक जोखमीचं काम असे. शेवटचा प्रवासी ज्या खुर्चीत बसला तिचा नंबर बुर्गल फोनवरून वर कळवायची. त्या नंबरची खुर्ची वर पोचली, माणूस उतरला, की वरच्यानं फोनमध्ये एकच शब्द बोलायचा: "रिकामी." तो शब्द ऐकल्यावरच बुर्गल खटका ओढून लिफ्ट बंद करी. मधे घळ, जंगल, चौदा खांब. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं. म्हणून नियम असा होता की तो शब्द आल्याशिवाय खुद्द मालकानंही खटक्याला हात लावायचा नाही.

कासियानचं जर्मन चांगलं होतं, फक्त आकडे सोडून. जर्मनमध्ये चौऱ्याहत्तर म्हणताना चार आधी येतो आणि सत्तर मागून. लादिनमध्ये सत्तर आधी, चार मागून. कासियान मनात लादिनमध्येच मोजायचा. एकदा त्यानं चोवीस अंडी मागवताना बेचाळीस सांगितली आणि आठवडाभर वर जाईल त्याला अंडंच खावं लागलं. बुर्गल फोनवर त्याला रोज छळायची.

"ए लादिन्या, आज किती वाजता बंद करायचं? सव्वाचारला की चार-सव्वाला?"

"तू आधी कांबळी नीट झटकून देत जा. काल एकात कुणाचे तरी दात निघाले."

"तुझेच असतील. शोध."

असं त्यांचं चाले. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, पण डोंगरावर आमच्याकडे मालक सोडून कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही.

पाच जानेवारी १९६८ ही आमच्याकडच्या धुराच्या दिवसांतली शेवटची संध्याकाळ. घरोघरी निखाऱ्यांवर ऊद टाकून तो धूर गोठ्यात, माळ्यावर, प्रत्येक खोलीत फिरवतात. घरचं माणूस त्या संध्याकाळी बाहेर राहू नये असं जुनी माणसं मानतात. त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती. माझा तो पहिला हिवाळा. चार वाजून दहा मिनिटांनी मी शेवटचं तिकीट फाडलं. फक्त वर जाण्याचं, परतीचं नाही. एक बाई होती एवढं आठवतं. हातात राखाडी हातमोजे. चेहरा मी पाहिला असणारच, कारण खिडकी समोरासमोर होती. पण आज चाळीस वर्षं मी तो आठवायचा प्रयत्न करतोय आणि फक्त हातमोजे दिसतात.

सकाळी आठला कांबळी मोजायची माझी पाळी असे. एकूण साठ. सहा तारखेला एकोणसाठ भरली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. बुर्गल बर्फ झाडत होती.

"काल शेवटी बसलेल्या बाईकडे असेल," ती म्हणाली. "कासियाननं वरच ठेवलं असेल, गठ्ठ्यात न बांधता. विचार त्याला."

मी फोन फिरवला. कासियान म्हणाला, "माझ्याकडे एकही नाही. आणि बाई कसली? शेवटी पोस्टातला म्हातारा आला. सत्तेचाळीस नंबर. त्याचं आणि उरलेली कांबळी मी त्याच्याच पाठीला बांधून स्कीवरून खाली पाठवली."

मी बुर्गलकडे वळून सांगितलं, "तो म्हणतो शेवटी पोस्टातला म्हातारा. सत्तेचाळीस."

तिच्या हातातला झाडू थांबला. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "कासियान, चौऱ्याहत्तर सांगितलं होतं मी. चौऱ्याहत्तर! म्हातारा आधी गेला. त्याच्या मागून ती बाई."

मग कासियान लादिनमध्ये काहीतरी बोलला. आम्हा दोघांनाही त्या भाषेतलं फारसं कळत नाही, पण ते आकडे होते. तो मोजत होता. सत्तेचाळीस वर असताना चौऱ्याहत्तर कुठे असेल ते.

ते सोपं गणित होतं. घळीच्या मधोमध. जमिनीपासून पंधरा मीटर वर. रात्री वर उणे एकोणीस झालं होतं.

लिफ्ट सावकाश चालू केली. अठ्ठेचाळीसपासून एकेक खुर्ची वर येऊ लागली. पुढचं मला आणि बुर्गलला कासियाननं त्याच दिवशी सांगितलं, नंतर कधीच नाही. प्रत्येक खुर्चीवर वीतभर बर्फ साचलं होतं. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, सगळ्यांवर पांढऱ्या उशा ठेवल्यासारखं. चौऱ्याहत्तर धुक्यातून आली तेव्हा तिच्यावर बर्फाचा कण नव्हता. दांडा लावलेला. सीटवर कांबळं, चौपदरी घडी, कडेला कड जुळवलेली. त्यानं हात लावला. कोरडं होतं.

"गरम होतं का?" बुर्गलनं विचारलं.

"ते विचारू नकोस," तो म्हणाला.

गावातली सगळी माणसं घळीत उतरली. स्की-शाळेचे मास्तर त्यांच्या लाल स्वेटरांत, आग विझवणारे, खाटीक, पाद्री. खांद्याला खांदा लावून लांब काठ्या बर्फात खुपसत तीन दिवस चालले. पहिल्या सकाळी तारेखालचं बर्फ त्यांना जसंच्या तसं मिळालं होतं, वरून काही पडल्याचा खड्डा नाही, पाऊल नाही. काठ्यांना एक स्कीची काठी लागली, चार वेगवेगळे हातमोजे, एक टोपी. बाई नाही. पोलिसांचा अधिकारी दक्षिणेकडचा होता, थंडीनं बेजार. त्यानं गावातल्या सगळ्या खानावळींच्या आणि हॉटेलांच्या पाहुण्यांच्या चिठ्ठ्या मागवल्या आणि मला बसवून एकेक नाव माणसाशी ताडून घेतलं. दोनशे सहा पाहुणे. दोनशे सहा हजर. पलीकडच्या गावांतूनही कुणी कमी नव्हतं. वर्तमानपत्रात दिलं, कुणी विचारायला आलं नाही.

तो शेवटी म्हणाला, "माणूसच हरवलं नाही, तर मी शोधू कुणाला?" आणि निघून गेला.

गावानं आपापल्या परीनं उत्तर काढलं. धुराची संध्याकाळ, ती जिवंत माणसांतली नव्हतीच, असं म्हाताऱ्या म्हणू लागल्या. बुर्गल भडकायची. "जिवंत नव्हती? तिच्या स्कीला ताजं मेण लावलेलं होतं, वास येत होता! दुसरं कांबळं मिळेल का विचारत होती. मी म्हटलं, बाई, सोळा मिनिटांचा तर प्रश्न आहे." हे वाक्य बोलली की ती कांबळी झटकायला लागायची.

कासियानला काही शिक्षा झाली नाही. नोंदवहीत तीन ओळी लिहिल्या गेल्या: आकडा ऐकण्यात चूक, शोध घेतला, कुणी बेपत्ता नाही. मला वाटतं शिक्षा झाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. शिक्षा होते तेव्हा निदान काय घडलं ते ठरतं. एका संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या खोलीत पालकाचे गोळे खात होतो, तेव्हा तो म्हणाला, "आंब्रोस, मला एवढंच कळायला हवंय. मी त्या दिवशी 'रिकामी' म्हणालो, ते खरं होतं की खोटं?"

"कुणीच बेपत्ता नाही, कासियान."

"ते तुझ्या कागदांवर. मी तारेबद्दल विचारतोय."

त्या दिवसानंतर तो आकडे सुटे सुटे बोलायला लागला. सात, चार. एक, शून्य, दोन. बुर्गलनंही त्याला आकड्यांवरून चिडवणं सोडलं. त्यांच्या फोनवर आता फक्त कामाचं बोलणं होई, आणि ते ऐकायला वाईट वाटे. शेवटचा माणूस उतरला तरी कासियान लगेच 'रिकामी' म्हणत नसे. एकशे अठरा खुर्च्यांचा एक पूर्ण फेरा, बत्तीस मिनिटं, तो उगाच चालवून घेई. फलाटाच्या टोकाला उभा राहून प्रत्येक खुर्चीच्या सीटवरून हात फिरवी. मालक टाप्पाइनर साहेब वैतागायचे, विजेचं काय, माणसांचे तास काय. पण नियम नियम होता. शब्द वरच्याचा.

चौऱ्याहत्तर नंबरच्या खुर्चीत बुर्गल कुणाला बसवत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. रांगेत पुढचा माणूस पाय टाकणार इतक्यात ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "ही जाऊ दे, पुढचीत बस." पाहुण्यांना वाटे, काहीतरी बिघाड आहे. बर्फ पडत असलेल्या दिवशी रिकाम्या खुर्च्या वर पोचेपर्यंत पांढऱ्या होतात. कधी कधी चौऱ्याहत्तर कोरडी पोचायची. सगळ्या वेळी नाही. वर्षातून दोनदा, तीनदा. हे मला कासियाननं नाही सांगितलं. वरचं छोटं हॉटेल चालवणाऱ्या, कावळ्यांना दाणे टाकणाऱ्या झेंझनं सांगितलं, आणि तिनं ते सांगताना दार लावून घेतलं होतं.

असेच बावीस हिवाळे गेले. कासियान स्कीवरून खाली यायचा तो नेहमी पूर्वेच्या उतारानं, लांबच्या वाटेनं. तारेखालच्या उतारावर तो पुन्हा कधी उतरला नाही.

१९९० मध्ये नवी, डब्यांची लिफ्ट उभी राहिली. जुनीचा शेवटचा दिवस ईस्टरचा सोमवार ठरला. सकाळी गावातला बँड वाजला, मास्तरांनी आजीबाईंचे पोशाख घालून लाकडी स्कीवरून घसरत सगळ्यांना हसवलं, पोरांनी टोप्या उडवल्या. दुपारी खोऱ्यातून धुकं चढलं आणि लोक पांगले. सव्वाचारला शेवटचा प्रवासी गेला. चार-बत्तीसला कासियाननं फोनवर सांगितलं की तो उतरला. मग त्याचा नेहमीचा फेरा. पाच वाजले. बुर्गल फोनपाशी थांबून होती.

"रिकामी?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

साडेपाच वाजले. धुक्यात खुर्च्या येत होत्या, फलाटाला वळसा घालून वर जात होत्या. टाप्पाइनर साहेब कोटाच्या खिशात हात घालून आले. उद्या सकाळी तार उतरवायला क्रेन येणार होती.

"काय चाललंय याचं? कोण आहे वर?"

"कुणी नाही," बुर्गल म्हणाली.

"मग म्हणायला काय होतंय त्याला?"

बुर्गलनं फोनमध्ये विचारलं. तिकडून कासियान शांतपणे बोलत होता, मला जवळ उभ्यानं ऐकू येत होतं. "बुर्गल, आज म्हटलं की पुन्हा कधी खुर्ची येणार नाही. ती बाई अजून वर आलेली नाही. मी खोटं बोलून बंद करू? दुसऱ्यांदा?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "आंब्रोस, तू जा. तुझं ऐकतो तो. त्याला सांग, सहापर्यंत शब्द आला नाही तर मी माझ्या जबाबदारीवर खटका ओढतो आणि नोंदवहीत लिहितो की वरचा माणूस शुद्धीवर नव्हता. तेहेतीस वर्षं काम केलेल्या माणसाबद्दल मला हे लिहायला लावू नको म्हणावं."

बुर्गलनं माझ्या मांडीवर कांबळं टाकलं. दांडा लावताना हळूच म्हणाली, "त्याला घाई करू नकोस. साहेबाला मी बघते. तू वर पोचेपर्यंत तर खटका ओढता येणार नाही ना त्याला."

मी निघालो. माझा स्वभाव असा की मोजल्याशिवाय माझं मन जागेवर राहत नाही. खांब मोजत होतो. तिसऱ्या खांबानंतर खालची झाडं गेली, पाचव्यानंतर माझ्याच स्कीची टोकं दिसेनाशी झाली. घळीवर वारा नव्हता. समोरून रिकाम्या खुर्च्या येत होत्या, धुक्यातून एकेक, ओल्या, हलक्याशा झुलत. प्रत्येक खुर्ची जवळ आली की मला आत कुणी आहे का ते बघावंसं वाटे आणि बघू नये असंही. काय सांगायचं कासियानला? बावीस वर्षं ज्याला मी कागदावरचं उत्तर देत आलो, त्याला आज पुन्हा तेच?

नववा खांब खडखडला. तो मागे गेला आणि समोरून येणारी खुर्ची रिकामी नव्हती.

करडं कांबळं, लाल पट्टा, डोक्यावरून घेतलेलं. दोन्ही हात कांबळ्यात. बसण्याची ढब बाईची, पाठ सरळ, पायांत स्की. मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही; तेवढा वेळच नव्हता. समोरून माणूस येत होतं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "देव भेटो."

आमच्या खुर्च्या शेजारून गेल्या. हात लांब केला असता तर कांबळ्याला लागला असता. ती म्हणाली, "देव राखो."

आवाज साधा होता. थोडा दमलेला, दिवसभर बर्फात फिरून आल्यावर होतो तसा. मी वळून बघेपर्यंत मागे पुन्हा धुकं दाटलं होतं. खुर्चीचा नंबर डोक्यावरच्या दांड्यावर असतो. आयुष्यभर आकडे बघत आलेल्या माणसानं तो बघायला हवा होता. मी बघितला नाही.

कासियान फलाटाच्या टोकाला उभा होता, टोपी हातात. त्यानं माझा दांडा उचलला, कांबळं घेतलं, हात दिला. हे सगळं नेहमीसारखं, काम म्हणून. मग म्हणाला, "साहेबानं पाठवलं ना? बस. चहा आहे."

"कासियान, तू आत्ता कुणाला खाली पाठवलंस का?"

"मी? दुपारपासून कुणी नाही."

"झेंझ? तिचं कुणी?"

"झेंझ कालच गावात गेली. काय झालं?"

मी त्याला जे पाहिलं ते सांगितलं. न वाढवता, न गाळता. तो ऐकताना माझ्याकडे बघत नव्हता, खाली जाणाऱ्या तारेकडे बघत होता.

"वर येत होती की खाली?" त्यानं विचारलं.

"खाली."

"नक्की? धुक्यात उलटसुलट होतं."

"माझ्या समोरून आली, कासियान. मी वर येत होतो. म्हणजे ती खाली."

"तू 'देव भेटो' म्हणालास."

"हो."

"आणि ती?"

"ती म्हणाली, 'देव राखो'."

आमच्याकडे भेटल्यावर एक म्हणतात आणि निरोप घेताना दुसरं. लहान मूलही त्यात चुकत नाही. कासियाननं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. त्याचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"मी बावीस वर्षं वर येणाऱ्या खुर्च्यांकडेच बघत बसलो रे," तो म्हणाला.

मग त्यानं खिशातून घड्याळ काढलं. "कुठल्या खांबाला?"

"नववा सोडल्यावर."

"आणि तिथून तुला वर यायला?"

"सहा मिनिटं असतील. मग आपण बोलतोय तीन-चार."

"म्हणजे तिला अजून उतरायचंय." त्यानं घड्याळ पत्र्याच्या टेबलावर ठेवलं. "कोणी खटका ओढू नये म्हणजे झालं."

फोन वाजला. टाप्पाइनर साहेबांचा आवाज खोलीभर झाला. कासियाननं फोन कानापासून लांब धरला, आवाज संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "साहेब, लाइनवर माणूस आहे. नियम तुम्हीच केलाय." आणि बाजूला ठेवून दिला, बंद न करता.

आम्ही दोघं उभे राहिलो. चहा ओतलेला तसाच राहिला. वरचं मोठं चाक फिरत होतं, खुर्च्या येत होत्या, वळून जात होत्या. तो मोजत होता, ओठ हलत होते, लादिनमध्ये. माझ्या मनात एकदा आलं की याला म्हणावं, पुरे, झाली असतील दहा मिनिटं. पण बुर्गलनं सांगितलं होतं घाई करू नकोस म्हणून. शिवाय मलाही ती बाई फलाटावर नीट उतरायला हवी होती. हे मी आत्ता लिहिताना विचित्र वाटतं. तिथे उभं असताना नव्हतं वाटत.

त्यानं घड्याळ उचललं, पुन्हा एकदा तारेकडे बघितलं, आणखी दोन खुर्च्या जाऊ दिल्या. मग फोन तोंडाशी धरला.

"बुर्गल."

"बोल."

"रिकामी."

मग, "कळलं, कासियान." चाक मंदावलं, कुरकुरलं आणि थांबलं. तारेवरच्या खुर्च्या थोडा वेळ झुलत राहिल्या. इतकी शांतता मी त्या फलाटावर कधी ऐकली नव्हती.

कासियाननं खोलीला कुलूप लावलं, स्की पायांत अडकवल्या आणि सरळ तारेखालच्या उताराकडे निघाला. वाकडा गुडघा, तरी काय सुरेख वळत होता! मी मागे. घळीच्या काठाशी तो माझ्यासाठी थांबला.

"आंब्रोस, खाली गेल्यावर बुर्गलला काही विचारू नकोस. आपल्याआधी कुणी उतरलं का, असं."

"का? कळेल ना मग."

"मला कळलंय," तो म्हणाला. "आणखी विचारलं तर ते पुन्हा तुझ्या कागदांवर जाईल."

खाली पोचलो तेव्हा फलाटावर बुर्गल एकटीच बसली होती. डोळे लाल होते. साहेब निघून गेले होते. तिनं कासियानकडे बघितलं आणि म्हणाली, "ए लादिन्या, दात सापडले का तुझे?" बावीस वर्षांनी. तो इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं.

मी नोंदवहीत लिहिलं: लिफ्ट सहा वाजून चार मिनिटांनी बंद. वरच्या माणसाचा शब्द मिळाला.

कासियान त्यानंतर आठ वर्षं जगला, त्याच्या खोऱ्यात, बहिणीकडे, आणि चांगला झोपायचा असं बहीण सांगते. बुर्गल मला दर गुरुवारी बेकरीत भेटते. मागच्या हिवाळ्यात पावाची पिशवी घेऊन दारात थांबली आणि म्हणाली, "आंब्रोस, त्या सोमवारी, तू वर गेल्यावर, ना..."

मी तिला विचारलं, राईचा पाव उरलाय का बघ गं आत.

तिनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि आत जाऊन बघून आली.